मर्व अकरा वेळा गेला

गुरुवार, ६ मार्च

पुढेमागे वाद झालाच तर हाताशी पुरावा असावा म्हणून नोंदवून ठेवतो. आज सकाळी सात वाजता, मी गालाला साबण लावून उभा असताना, माझ्यासमक्ष माझ्या वॉशबेसिनची विटंबना झाली.

आरोपी मर्व. वय नऊ, वर्ण नारिंगी, वजन साडेसात किलो, पूर्वचारित्र्य निष्कलंक. रेतीचा ट्रे तीन पावलांवर आहे आणि त्यात कालच मी नवी, उंची रेती ओतली आहे. असं असूनही हे गृहस्थ बेसिनवर चढले, आत बैठक मारली, माझ्या डोळ्यांत डोळे घालून चार थेंब सांडले आणि उतरून गेले. बरोबर चार. शत्रुत्वच करायचं तर माणसाने सढळ हाताने तरी करावं.

थेंब गुलाबी होते. माझी बायको उत्तरा ड्यूटीला निघत होती, तिला हाक मारली.

"बेसिनमध्ये बीट किसलंस का?"

"बेसिनमध्ये कोण बीट किसतं, विद्या?" माझ्या भारदस्त नावाचं तिने एवढंच शिल्लक ठेवलं आहे.

या बेटावर काही सांगता येत नाही. इथे बर्गरमध्येसुद्धा डब्यातलं बीट घालतात, आणि काल आम्ही तेच खाल्लं होतं. मीच हात नीट धुतले नसणार. रंगापुरता मर्व निर्दोष, बाकी खटला उभा.

वास्तविक मर्व आमचा नाही, शेजारच्या नोलाबाईंचा. वय सत्त्याऐंशी. नवरा आणि दीडशे गाई त्यांनी चाळीस वर्षं सांभाळल्या. त्यांतल्या गाईंनी जास्त ऐकलं, असं त्या सांगतात. जानेवारीत पडून खुबा मोडला, तेव्हापासून टेकडीवरच्या वृद्धाश्रमात आहेत. तिथे मांजर चालत नाही. "चार दिवस ठेव रे, प्रोफेसर," म्हणाल्या होत्या. दोन महिने झाले. मी प्रोफेसर कधीच नव्हतो. पुण्यात शाळेवर संस्कृत शिकवत होतो. उत्तराला इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली म्हणून बावीस वर्षांपूर्वी टास्मानियाच्या या किनाऱ्यावर आलो, आणि आता इंटरनेटवरून चौदा जणांना धातू चालवून दाखवतो. पण नोलाबाईंनी एकदा नाव ठेवलं की ते गाईच्या कानातल्या बिल्ल्यासारखं पक्कं.

शनिवार, ८ मार्च

मर्वचं पोट बिघडलं आहे. सकाळपासून ट्रेच्या वाऱ्या चालू आहेत. जातो, उकरतो, बसतो, कुंथतो, उठतो, पुन्हा येतो. जेवणाकडे पाहिलं नाही. मी पाटीवर रेघा ओढल्या, अकरा झाल्या.

गावातल्या जनावरांच्या दवाखान्यात फोन केला. शनिवारी बारालाच बंद होतो, त्यात सोमवारची सुट्टी जोडून. फोनवर कर्स्टी होती. ती नोलाबाईंच्या वृद्धाश्रमातल्या नर्स टॅमसिनची बहीण; इथे प्रत्येक बाई कुणाची तरी बहीण असते.

"टॉयलेटला गेलाय ना तो?" तिने विचारलं.

"सकाळपासून अकरा वेळा."

"मग काळजी नको. जात नसता तर घाबरायचं कारण. कुंथतोय म्हणजे बद्धकोष्ठ असेल. उकडलेला लाल भोपळा द्या चमचाभर. होईल बरा."

"होईल बरा" हे इथलं ब्रीद. छप्पर उडालं, पूर आला, नवरा पळाला, सगळ्याला एकच उतारा. पण मला हायसं वाटलं. भोपळा उकडला. मर्वने त्याकडे असं पाहिलं की मी ओशाळलो.

दुपारी नोलाबाईंना फोन. शनिवारी फोन आणि रविवारी भेट, असा आमचा करार आहे.

"मर्व कसा?"

"मजेत."

"खातो का?"

"राजासारखा."

"कुठल्या राजासारखा? बरेच राजे उपाशी मेलेत."

संध्याकाळी तो स्वयंपाकघराच्या गार फरशीवर पोट टेकून पडला होता. हात लावला तर ओरडला. मांजराच्या गळ्यातून असा आवाज मी कधी ऐकला नव्हता. भोपळा जास्त झाला का?

रविवार, ९ मार्च. दुपार, लॉन्सेस्टन

जनावरांच्या इमर्जन्सी दवाखान्यातल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून लिहितो आहे. हात काही तरी करत राहिला पाहिजे.

सकाळी मर्वने पांढरा फेस ओकला. नंतर पलंगाखाली जाऊन बसला, हाकेला कान हलवेना. उत्तरा लागोपाठ दोन ड्यूट्या करून अकराला घरी आली. पर्स खाली न ठेवता पलंगाखाली हात घातला आणि त्याचं पोट चाचपलं.

"हे काय आहे इथे? क्रिकेटचा बॉल गिळल्यासारखं?"

"बद्धकोष्ठ. भोपळा दिलाय."

"भोपळा! विद्या, हे मूत्राशय आहे. याने शेवटची शू कधी केली?"

"काल अकरा वेळा गेला."

"गेला. पण झाली का?"

मी पाटीकडे पाहिलं. अकरा रेघा. ट्रेकडे पाहिलं. कालची रेती कोरडी होती, शनिवार वाड्यापुढच्या पटांगणासारखी.

उत्तराने दवाखान्याच्या सुट्टीच्या नंबरवर फोन केला. कर्स्टीनेच उचलला. तिचा आवाज एकदम उतरला. "अरे देवा. मी विचारलं होतं ना त्यांना, गेला का म्हणून..." मग म्हणाली, लॉन्सेस्टन गाठा, आत्ता, थांबू नका. सव्वा तासाचा रस्ता. मर्व माझ्या मांडीवर टॉवेलमध्ये होता. पहिली वीस मिनिटं ओरडत होता, मग गप्प झाला. ओरडत होता तेच बरं होतं.

मी चौदा विद्यार्थ्यांना घोकून घोकून शिकवलं आहे की गतिवाचक धातूंना प्राप्तीचाही अर्थ असतो. नुसतं जाणं नव्हे, जाऊन मिळणं. या देशात "टॉयलेटला गेला" म्हणजे काम उरकलं. बावीस वर्षं हे ऐकतो आहे. आणि विचारलं तेव्हा मी पावलं मोजून सांगितली.

डॉक्टरीण पंचविशीची, नाव इमोजेन, हातावर ओरखडे. मर्वला घेऊन आत गेली, दहा मिनिटांनी एकटी बाहेर आली.

"मूत्रमार्ग पूर्ण बंद झालाय. बोक्यांचा मुळातच अरुंद असतो, त्यात खडे अडकलेत. दीड-दोन दिवस झाले असणार. आधी काही दिसलं का? भलत्याच जागी करणं, लाल थेंब?"

"गुलाबी," मी म्हणालो. "गुरुवारी. मला बीट वाटलं."

ती हसली नाही. इथल्या माणसांनी थट्टेची संधी सोडली की समजावं, प्रकरण गंभीर आहे.

"लघवी तुंबली की विष रक्तात जातं. पोटॅशियम फार वाढलंय. हृदय मिनिटाला दोनशेच्या घरात हवं, याचं शंभरावर आलंय. आधी हृदय सावरते, मग भूल देऊन नळी घालते. भूल सोसेल का, ते आत्ता नाही सांगू शकत."

आपल्या पूर्वजांनी या क्रियेला लघुशंका म्हटलं आणि दुसरीला दीर्घशंका. मी लघुला दीर्घ समजलो. वर्गात एखाद्या पोराने ही चूक केली असती तर चार दिवस हसलो असतो.

तीन वाजले. आतून कुणी येत नाही.

सव्वाचार. नळी गेली. हृदय चालू आहे. मी बाहेर जाऊन गाडीला हात टेकवून उभा राहिलो.

भेटीचा वार चुकला म्हणून तिथूनच नोलाबाईंना फोन केला. गाडी बिघडली म्हणून सांगितलं.

"बिघडली? कुठे?"

"घरीच."

"हं," नोलाबाई म्हणाल्या. "जप हो. लांबच्या रस्त्याला त्रास देते ती."

सोमवार, १० मार्च

आज आठ तास दिवस. माणसाने दिवसाला आठ तासांहून जास्त राबू नये, हा हक्क मिळाल्याच्या आनंदात हे राज्य एक दिवस अजिबात काम करत नाही. इमोजेनला हे कुणी कळवलेलं दिसत नाही. काल सकाळपासून ती तिथेच आहे.

मर्वला बघून आलो. गळ्यात प्लास्टिकचं नरसाळं, पायात सलाईन, शेपटीखालून निघालेली नळी, तिच्या टोकाला पिशवी. पिशवीतलं पाणी काल लाल होतं, आज चहाच्या रंगाचं. त्याने मला ओळखलं असावं. पण तोंड भिंतीकडेच ठेवलं.

नोलाबाईंना फोन. मी ठरवून हलक्याफुलक्या गप्पा मारत होतो, तर मध्येच म्हणाल्या, "जनावराला नळ्याबिळ्या लावल्या ना, प्रोफेसर, की ते भिंतीकडे तोंड करून पडतं. बघितलंस कधी?"

मी दचकलो. "नाही बुवा."

"दुखतं म्हणून नव्हे. लाज वाटते म्हणून."

चाळीस वर्षं गोठ्यात काढल्यावर माणसाला काय काय ठाऊक असतं! मी विषय बदलून हवेवर आणला.

बुधवार, १२ मार्च

नळी काढली, मर्व घरी. ओलं अन्न, पाणी भरपूर, ताण नको, असं लिहून दिलंय. ताण कुणाला नको, ते लिहिलेलं नाही. मी बाथरूमच्या दाराबाहेर स्टूल टाकून बसलो आहे. आतली खरखर ऐकतो, संपली की आत जाऊन बघतो.

"त्याला जरा एकांत दे," उत्तरा म्हणाली. "तुझ्याकडे बघून माझीसुद्धा अडेल."

गुरुवार, १३ मार्च

तीन वेळा गेला. तीन वेळा झाली. रेतीचे गोळे मोजले, लिंबाएवढे दोन, सुपारीएवढा एक. सुपारीएवढा का?

शुक्रवार, १४ मार्च

पुन्हा बंद.

सकाळी सहा वेळा ट्रेवर. या वेळी मी पाटी घेतली नाही, गाडीची किल्ली घेतली. सव्वा तास तो माझ्याकडे बघत होता आणि मी रस्त्याकडे.

इमोजेनने पुन्हा नळी घातली, नळीतून रंगीत औषध आत सोडून एक्स-रे काढला आणि मला पडद्यापुढे बसवलं. मूत्राशयाच्या टोकाला बोटाच्या पेराएवढी पिशवी लोंबते आहे. आईच्या पोटात असताना पिलाची लघवी इथून नाळेत जाते. जन्मल्यावर ही वाट मिटायला हवी. मर्वची अर्धीच मिटली. नऊ वर्षं त्या कोपऱ्यात थोडं थोडं साचून कुजत राहिलं. त्यात मूत्रमार्गही पुढे जन्मतः चिंचोळा.

"नुसत्या नळीने भागणार नाही," ती म्हणाली. "पुन्हा तुंबेल. ऑपरेशन करून ती पिशवी काढायची आणि पुढचा अरुंद भाग कापून बाहेरचं तोंड रुंद करायचं, मादीसारखं. दहातले आठ नीट होतात."

"आणि नाही केलं तर?"

"मग शेवटचं इंजेक्शन. आणि ते आठवडाभर लांबवू नये." तिने कागद पुढे केला. "सही मालकाची लागेल. त्याच्या कातडीखालची ओळखीची चिप नोला ह्यूएट यांच्या नावावर आहे. सोमवारची वेळ धरून ठेवते, उद्या कळवा."

मी विचारलं, सांभाळणारा म्हणून मी केली तर? ती म्हणाली, त्यांना विचारलंय का तुम्ही? मी म्हणालो, तेवढं राहिलंय.

घरी आलो. खरं काय ते इथे लिहितो. नोलाबाईंना धक्का बसेल म्हणून मी लपवलं, असं उत्तराला सांगत आलो. ते खरं नाही. त्यांना धक्का बसत नाही. चौदा वर्षांच्या त्यांच्या कुत्र्याचे मागचे पाय गेले, तेव्हा त्यांनी त्याला न्याहारी दिली, शेडमागे नेलं, बंदूक खांद्याला लावली आणि परत येऊन गाईंच्या धारा काढल्या. मला हे त्यांनी चहा ओतता ओतता सांगितलं होतं. मर्वचं ऐकून त्या क्षणभरही थांबणार नाहीत. "टोच सुई," म्हणतील. आणि मग मर्वला ती टोचवायला मलाच न्यावं लागेल.

"म्हणून तू तिला न विचारता तिचं मांजर कापणार?" उत्तराने विचारलं.

"तसं नाही..."

"मग कसं?"

संस्कृतात यावर बरंच काही बोलता आलं असतं. मराठीत मी उठून चहा टाकला.

शनिवार, १५ मार्च

वृद्धाश्रमात गेलो. टॅमसिन दारातच भेटली, माझ्या दंडावर हात ठेवून म्हणाली, "जा, वाट बघतायत." शनिवारी कधी कुणी माझी वाट बघत नाही, माझा वार रविवार.

नोलाबाई खिडकीजवळ. पंधरवड्यात गाल आणखी बसले आहेत. मी खुर्ची ओढली, हवेचा विषय काढला.

"प्रोफेसर," त्या म्हणाल्या, "माझा बोका जिवंत आहे की मेला, एवढं सांग आणि मग हवेचं बोल."

"तुम्हाला कुणी..."

"कर्स्टीने टॅमसिनला, टॅमसिनने मला. रविवारी दुपारी जेवणाच्या आधी. तुझी ती बिघडलेली गाडी तेव्हा लॉन्सेस्टनच्या दारात उभी होती म्हणे."

सहा दिवस. सहा दिवस या बाईने मला गाडी आणि हवा सांगू दिली. मी मान खाली घातली आणि तेव्हा मला दिसलं. पलंगाच्या दांडीला, चादरीच्या आडोशाला, एक पिशवी लटकत होती. चहाच्या रंगाची.

"हं," नोलाबाई म्हणाल्या. "महिना झाला. तू रविवारी यायचास तेव्हा टॅमसिन वरून टॉवेल टाकायची. आता बोल. सगळं सांग, पुस्तकी नको."

सगळं सांगितलं. बीट, अकरा रेघा, भोपळा, नाळेची वाट, दहातले आठ. भोपळ्यापाशी त्यांना हसू आलं आणि हसण्याचा खोकला झाला, पाणी दिलं.

"ऑपरेशननंतर उंदीर मारेल का तो?"

"इमोजेन म्हणते, मारेल. महिन्याभरात."

"भिंतीवर चढेल?"

"चढेल."

"मग काप म्हणावं. यात विचारायचं काय? बाईसारखं करावं लागलं तर लागलं, कोण बघायला बसलंय तिथे." त्यांनी माझ्याकडे रोखून पाहिलं. "तुला काय वाटलं, मी सुई टोच म्हणेन?"

मी खिशातून इमोजेनचा सहीचा कागद काढला.

"कुत्र्याचं वेगळं होतं. त्याचे पाय परत येणार नव्हते. जे परत येणार नाही आणि जे येणार आहे, यातला फरक कळला की झालं. तुझ्या शिकवणीत एवढं नसेल तर चुलीत घाल ती."

सही केली. अक्षर हललं, पण नाव पुरं झालं. मग त्यांनी उशीखालून दुसराच कागद काढला.

"आता माझं. मला बोलता येईनासं झालं तर माझ्या वतीने डॉक्टरला हो-नाही कोण सांगणार, त्याचा हा कागद. पर्थच्या पुतण्याचं नाव होतं, ते मी खोडलं. तुझं घालतेय."

"नोलाबाई, मी? मी तर तुमच्याशी आठवडाभर खोटं..."

"म्हणूनच. तू खोटं बोललास की कळतं. त्या पुतण्याचं कळत नाही. फोनवर म्हणतो, काकू, होशील बरी." त्यांनी चादरीचं टोक सारखं केलं. "नळीने काही परत येणार असेल तर लावू दे. येणार नसेल तर पुरे म्हणायचं. एवढंच काम आहे."

"विचार करून सांगतो."

"मर्वच्या बाबतीत सहा दिवस घेतलेस. माझ्याकडे एवढे असतील असं धरून चालू नकोस."

सोमवार, १७ मार्च

दोन तास लागले. मधल्या वेळात मी नोलाबाईंनी दिलेला तो कागद गाडीत तीनदा वाचला. भाषा सोपी आहे, एकही संधी सोडवावा लागत नाही. अडीचला इमोजेनचा फोन: पिशवी निघाली, तोंड रुंद झालं, जागा होतोय, भूलवाल्याला चावला. चावला म्हटल्यावर उत्तराला हुंदका आला.

शुक्रवार, २१ मार्च

मर्व घरी आहे. आज दुपारी ट्रेमध्ये गेला, उकरलं, बसला, आणि बराच वेळ उठला नाही. मी बाहेरून दाराला कान लावून होतो. आत जाऊन पाहिलं तर संत्र्याएवढा गोळा. उत्तराने त्याचा फोटो काढून टॅमसिनला पाठवला. उलट निरोप आला, नोलाबाई म्हणतात, फ्रेम करा.

पण त्याच निरोपाच्या शेवटी टॅमसिनने लिहिलं आहे की काल त्यांना ताप चढला, आज बोलणं थोडं अडखळतंय, डॉक्टर उद्या येतील आणि मलाही बोलावलं आहे.

कागदावर मी बुधवारी सही केली. सही करताना त्यांना सांगितलं, जबाबदारी कळली आहे, तुम्ही निश्चिंत राहा. त्या "बरं" म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला मर्वची धास्ती आता उरलेली नाही. उद्या डॉक्टर माझ्याकडे वळून विचारतील तेव्हा काय परत येणार आहे आणि काय नाही, हे मला कळेल. मला तेवढं कळतं. भीती ही आहे, की कळूनही मी अजून एकदा नळी लावून बघा म्हणेन. त्यांच्यासाठी नाही. त्या नसलेलं हे गाव मला नको आहे म्हणून.